स्वस्तातला लॅपटॉप घ्यावा का महागातला? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. नवीन लॅपटॉप मी विकत नाही, त्यामुळं कुठला घ्या म्हणण्यात माझं काही कमिशन नाही. पण बारावीचे निकाल लागून ॲडमिशन सुरू झाले की आणि परत सोयाबीन विकून झालं की, असे वर्षातनं दोन वेळा लोक नुसतं विचारायला येतात. दादा तीस-पस्तीसमधला घेऊ का एकदाच लाखाचा घेऊन टाकू? तेच तेच प्रश्न इतक्यांदा सांगून झाले की म्हणलं लिहूनच काढावं, म्हणजे ज्याला यायला जमत नाही त्याला पण वाचता यील.

बजेट म्हणजे नेमकं कितीचा आणि प्रीमियम म्हणजे कितीचा?

भाव सारखे हलतात त्यामुळं पक्की रेषा नाही. पण साधारण पंचेचाळीस हजाराच्या आतला तो बजेट, पन्नास ते सत्तर हा मधला आणि नव्वद-लाखाच्या पुढं गेला की प्रीमियम धरा. लोक फक्त दोनच टोकं बघतात, मधला गट कुणी विचारतच नाही, आणि विंडोजवाल्यांत माझ्याकडं दुरुस्तीला सगळ्यात कमी यायलेत ते ह्या मधल्या गटातले, त्यातही ऑफिससाठी बनवलेले. ह्याचं कारण पुढं सांगतो.

दोन्हीमधी फरक काय असतो मग? दिसायला तर सारखेच दिसतात.

हाच खरा प्रश्न आहे. लोक प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू), रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), एसएसडी (फाइली साठवायची जागा) असे तीन आकडे बघतात आणि म्हणतात ह्याच्यात पण १६ जीबी त्याच्यात पण १६ जीबी, मग चाळीस हजार जास्तीचे कामून द्यायचे? पण जास्तीचे पैसे जातात ते त्या कागदावर नसलेल्या गोष्टीत.

पहिलं स्क्रीन. स्वस्तातल्या लॅपटॉपला बहुतेक वेळा २२० ते २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) पडदा असतो, रंग पण फिके, कंपनी तिथं बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) असं लिहिते. घरात ट्यूबलाइटखाली ठीक दिसतो. पण आपल्याकडं दुपारी दार-खिडक्या उघड्या असतात, ओसरीत बसून काम करायचं म्हणलं तर त्या पडद्यावर स्वतःचं तोंड दिसतं, एक्सेल दिसत नाही. ३०० निट्सच्या वर आणि आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारा) असलेला पडदा डोळ्याला आराम देतो, आणि पोरगं रोज पाच-सहा तास बघणार असंल तर हे चैनीचं नाही.

दुसरं बिजागरी. माझ्या टेबलावर येणारं निम्मं काम हेच असतंय. स्वस्त मॉडेलमधी बिजागरीचे स्क्रू पितळेच्या बारीक नटात बसवलेले असतात आणि ते नट नुसते प्लास्टिकमधी रुतवलेले. दीड-दोन वर्ष झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की ते प्लास्टिक चिरतं, नट बाहेर येतो, मग स्क्रीनची केबल पण जाती. धातूची बॉडी असली की हे फार कमी होतं. ॲराल्डाइट लावून मी चिकटवून देतो पण ती दुरुस्ती मला मनापासून आवडत नाही कारण परत निघते हे मला माहीत असतं.

तिसरं कीबोर्ड, टचपॅड, पंख्याची रचना, बॅटरीची साइज. बजेटला बॅटरी ४०-४२ वॅट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आसपास, चांगल्याला ५० ते ७०.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, आणि ह्या पूर्ण लिखाणात हीच गोष्ट फिरून फिरून यील: जे नंतर बदलता येत नाही त्याच्यावर पैसे घाला. एसएसडी नंतर मोठी टाकता येती, बॅटरी बदलता येती, काही मॉडेलला रॅम वाढवता येती. स्क्रीन, बॉडी, बिजागरी, प्रोसेसर आणि आतल्या मुख्य बोर्डाला चिकटवलेली रॅम ह्यांच्याबरोबर मात्र तुम्हाला शेवटपर्यंत संसार करायचा असतो.

दुकानदार म्हणला आय५ आहे. आय५ म्हणजे चांगलाच ना?

आय३, आय५ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं. नुसतं आय५ म्हणणं म्हणजे नुसतं ट्रॅक्टर म्हणण्यासारखं आहे. कुठल्या सालचा, किती एचपीचा, ते कोण सांगणार? २०१३ मधला आय५-४३००यू ह्याला दोनच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, आणि २०२२ मधला आय३-१२१५यू ह्याला सहा. म्हणजे नवीन आय३ हा जुन्या आय५ ला सहज मागं टाकतो. पूर्ण नंबर विचारा, दुकानदाराला कागदावर लिहून मागा.

एएमडी ही दुसरी प्रोसेसर कंपनी, तिच्यात तर अजून गंमत करून ठेवलीय, जास्त नंबर म्हणजे नवा असं नाही. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात एका आकड्याचा फरक. पण ७५२०यू हा चार कोअरचा आणि आतनं झेन २ म्हणजे जुन्या पिढीचा, आणि ७५३०यू सहा कोअरचा, झेन ३. ह्या ७००० च्या सिरीजमधी तिसरा आकडा बघायचा, तो खरी पिढी सांगतो. ७५२०यू बरोबर रॅम पण बोर्डालाच चिकटलेली येती, म्हणजे ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८ जीबीच. दोन्हीच्या भावात कधीकधी चार-पाच हजाराचा पण फरक नसतो आणि लोक स्वस्त दिसला म्हणून पहिला उचलतात, मला बघून वाईट वाटतं.

इंटेलमधी आय३-१२१५यू आणि आय५-१२३५यू दोघांना मोठे, म्हणजे जड कामाचे कोअर दोन-दोनच आहेत, छोटे कोअर आय५ ला जास्त. वर्ड, एक्सेल, ऑनलाइन फॉर्म, युट्यूब असं काम असंल तर हा फरक हाताला लागत नाही. आय५ ऐवजी आय३ घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगल्या पडद्याचं, १६ जीबीचं मॉडेल बघा.

सध्या ८ जीबी घेतो, नंतर वाढवू. चालंल का?

आधी विचारा की रॅमला स्लॉट (रॅम लावायची खाच) आहे का. स्लॉट असंल तर चालंल. सगळी रॅम बोर्डाला असंल तर थेट १६ जीबीच घ्या, नाहीतर घेऊच नका. ८ जीबीमधी विंडोज ११ चालतं पण क्रोमचे दहा टॅब, व्हॉट्सॲप आणि एक झूमचा क्लास एवढ्यावरच श्वास लागतो.

आणि एक लक्षात घ्या, नंतर वाढवू म्हणण्यात पूर्वीसारखा फायदा राहिला नाही. २०२५ च्या शेवटापासनं जगभर रॅमचे भाव लई चढले, एआयच्या मोठ्या डेटा सेंटरला सगळा माल जायलाय. आधी मी गिऱ्हाइकाला बिनधास्त सांगायचो की आत्ता ८ घे, दिवाळीला ८ टाकू. आता सांगताना दोनदा विचार करतो.

वीस-बावीस हजारात नवीन मिळतोय, घेऊ का?

नको. त्यात बहुतेक सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असती. ईएमएमसी म्हणजे एसएसडी नव्हं, मोबाइलसारखी बोर्डाला लावलेली मेमरी, हळू असती आणि बदलता येत नाही. ६४ जीबीवर विंडोज बसलं आणि दोन-चार अपडेट आले की जागा संपली. लोक तो घेऊन सहा महिन्यात माझ्याकडं येतात, स्पीड वाढवून द्या म्हणून, आणि मी काहीच करू शकत नाही. त्या पैशात जुना चांगला घेता येतो, त्याचं खाली सांगितलंय.

आपल्याकडं ऊन लई, लाइट जाती-येती. महागडा लॅपटॉप टिकंल का?

टिकतो, पण सांभाळून. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी घेत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लॅपटॉप कंपन्या वापराचं तापमान साधारण ३५ अंशापर्यंतच सांगतात, ॲपल तर स्पष्ट लिहितं १० ते ३५ अंश सेल्सिअस. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४४ होतं, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी आतलं तापमान काय असतं ते तुम्हीच बघता. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. मग लोक म्हणतात लाखाचा घेतला आणि स्लो चालतोय. तो बिघडलेला नसतो, तापलेला असतो. बिनपंख्याचे पातळ लॅपटॉप, ॲपलचा मॅकबुक एअर पण त्यातलाच, ह्यांना पंखा नसल्यामुळं धूळ आत जात नाही हा फायदा आहे, पण व्हिडिओ एडिटिंगसारखं लांबलचक काम भर दुपारी दिलं की ते लवकर मंदावतात.

बॅटरीला तर उष्णता म्हणजे विष. लिथियमची बॅटरी फुल चार्ज करून गरम जागेत ठेवली की ती वापर न करता पण म्हातारी होती. बऱ्याच लॅपटॉपमधी चार्जिंग ८० टक्क्यावर थांबवायची सेटिंग असती, कंपनीच्या ॲपमधी जाऊन ती चालू करा. उन्हाळ्यात गादीवर ठेवून वापरायचा नाही, चारचाकीत ठेवून लग्नाला जायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात एक जण असाच फुगलेली बॅटरी घेऊन आला, टचपॅड वर उचललेलं, अजून दाबलं असतं तर पेट घेतला असता. बॅटरी फुगलेली दिसली की बंद करा, चार्जर काढा आणि टोचू-दाबू नका.

लोडशेडिंगचं म्हणाल तर लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, कमी दाबाला तो सहज झेलतो. मारतं ते अचानक आलेलं जास्त व्होल्टेज, आणि मृगाच्या तोंडावर पडणाऱ्या विजा. ढग गडगडायला लागले की पिन काढून ठेवा, वायफायच्या राउटरची पण काढा. चांगला स्पाइक गार्ड लावा, ज्यावर फक्त पाच सॉकेट असतात ते नाही, ज्याच्यात सर्ज प्रोटेक्शन लिहिलेलं असतं ते.

आणि धातूच्या बॉडीवाल्या महागड्या लॅपटॉपचं एक दुखणं, चार्जिंगला लावला की हाताला मुंग्या येतात. लोक घाबरून येतात, शॉक मारतोय म्हणतात. तो लॅपटॉपचा दोष नसतो, घरात अर्थिंग नसते. चार्जरमधनं अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, अर्थिंग असली की तो जमिनीत जातो, नसली की तुमच्या बोटातनं. तीन पिनची वायर वापरा, आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याच्यात अधूनमधून पाणी टाकत जा. आमच्या आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं पण ते मोटारीच्या अर्थिंगला दर उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालायचे, तेच तत्त्व आहे.

पोरगं इंजिनिअरिंगला लागलं. कोणता घेऊन देऊ?

शाखा कुठली ते आधी सांगा. कॉम्प्युटर किंवा आयटी असंल तर आय५-१२३५यू किंवा रायझन ५ ७५३०यू च्या तोडीचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एवढं चारही वर्षाला पुरतं. कोडिंगला ग्राफिक्स कार्ड (थ्रीडी आणि गेमच्या चित्रासाठीची वेगळी चिप) लागत नाही. एआय-मशीन लर्निंग शिकायचं म्हणून गेमिंग लॅपटॉप मागतात पोरं, पण शिकण्यापुरतं काम गुगल कोलॅबवर (गुगलचे कॉम्प्युटर इंटरनेटवरनं वापरायची सोय) फुकट होतं.

मेकॅनिकल आणि सिव्हिलची गोष्ट वेगळी. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, ईटॅब्स, स्टॅड प्रो हे सगळे विंडोजवाले, मॅकवर सरळ चालत नाहीत. इथं छोटं का असंना, ग्राफिक्स कार्ड असलेला घ्या, आरटीएक्स ३०५० पण पुरतं. पण पहिल्या वर्षाला ह्यातलं काहीच नसतं! पहिलं वर्ष घरातल्या जुन्यावर काढून दुसऱ्या वर्षाला घेतला तर तोच पैसा नव्या पिढीच्या मशीनवर जातो. माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं, तो दोन महिने रुसला होता, मग पटलं.

गेमिंग लॅपटॉपबद्दल आईबापांना एक विनंती. त्याच्यानं पोरगं बिघडंल म्हणून नाही, पण तो अडीच किलोच्या आसपास भरतो, वरनं विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी क्लासमधी तीन-चार तास पण मुश्किलीनं. होस्टेलवरनं एसटीनं उभ्यानं गावाकडं यायचं म्हणलं की दीड किलोचा आणि अडीच किलोचा ह्यातला फरक खांद्याला कळतो. तीस-पस्तीस हजार जास्तीचे ज्या कार्डावर गेले ते कार्ड त्याच्या अभ्यासाला लागणार आहे का, एवढंच विचारा त्याला, ओरडून नाही, शेजारी बसून.

कृषी विद्यापीठातली पोरं पण येतात, बीएस्सी ॲग्रीला बजेटमधला चांगला निवडलेला पुरतो. पुढं पीएचडीला जीआयएसचे नकाशे आणि मोठा डेटा आला की रॅम १६ जीबी पाहिजेच.

मुलगी लातूरला नीटच्या तयारीला चाललीय, लॅपटॉप घ्यावा का?

नका घेऊ. लेक्चर बघायला दहा-अकरा इंची टॅब पुरतो, बाकी तिला वही-पेन आणि झोप लागते. ॲडमिशन झाल्यावर घ्या.

एकदाच मॅकबुक घेऊन टाकू का? टिकतो म्हणतात.

टिकतो, खरंच टिकतो. एम१ (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) चा मॅकबुक एअर २०२० च्या नोव्हेंबरात आला, त्यावेळी घेतलेले अजून दिवसभर बॅटरी देत फिरायलेत, आणि दुरुस्तीवाला म्हणून सांगतो, माझ्याकडं ते येतच नाहीत, आले तर चहा सांडून. कंपनी बॅटरीला १००० सायकल (पूर्ण भरून संपली की एक सायकल) धरते, साध्या लॅपटॉपला बऱ्याचदा ३०० ते ५०० धरायच्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासनं एअरमधी कमीत कमी १६ जीबी रॅम द्यायला लागले, त्यामुळं आता बेस मॉडेल घ्यायला हरकत नाही. एम४ चा एअर २०२५ च्या मार्चमधी ९९,९०० ला आला, विद्यार्थ्यांना ८९,९०० ला. जुनं मॉडेल सेलमधी त्याच्यापेक्षा बरंच खाली येतं.

लिहिणारा, शिकवणारा, वकील, व्हिडिओ करणारा, कोडिंगवाला, ह्यांनी पैसे असतील तर खुशाल घ्या, मनस्ताप वाचतो. पण टॅली लागणार असंल, वर सांगितलेले सिव्हिल-मेकॅनिकलचे सॉफ्टवेअर लागणार असतील, सरकारी साइटवर डोंगल लावून डिजिटल सही करायची असंल, तर नका घेऊ. रॅम आणि एसएसडी दोन्ही पक्के असतात, आत काही वाढवता येत नाही. आणि स्क्रीन फुटली तर खर्च ऐकून घाम फुटतो. घेतला तर झाकण लावताना कीबोर्डवर पेन, इअरफोन, शेंगदाण्याचं टरफल काहीही राहू देऊ नका, तेवढ्यानंच पडदा तडकतो.

महाऑनलाइन सेंटर टाकायचंय, दिवसभर फॉर्म भरायचेत.

मग लॅपटॉपपेक्षा साधा डेस्कटॉप आणि यूपीएस घ्या. एका जागी बसून दहा तास काम, धूळ, गर्दी, गिऱ्हाइकाचे पेन ड्राइव्ह, लॅपटॉपचा कीबोर्ड वर्षात जातो. डेस्कटॉपचा कीबोर्ड चार-पाचशेत बदलतो. लॅपटॉपच पाहिजे असंल तर विंडोजवाला बजेट पुरे, फक्त बायोमेट्रिक मशीन, प्रिंटर, स्कॅनर सगळे एकदम लावायला यूएसबी किती आहेत ते मोजा. पातळ महागड्यांना दोनच असतात.

तुम्ही जीएसटी भरणारे व्यापारी असाल तर बिल फर्मच्या नावानं आणि जीएसटी नंबर टाकून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के आहे, त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. बरेच जण हे विसरून घरच्या नावावर घेतात.

कंपनीतनं निघालेला जुना प्रीमियम घ्यावा का? लई स्वस्त मिळतोय.

माझ्या मते कमी बजेटवाल्याला हा सगळ्यात चांगला रस्ता आहे, पण डोळे उघडे ठेवून. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्ष वापरून थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे लॅपटॉप काढून टाकतात. नवीन असताना लाखाच्या घरात असलेला माल, बॉडी मजबूत, कीबोर्ड सुंदर, उघडून दुरुस्त करायला सोपा. २०१८ चा थिंकपॅड टी४८० घ्या उदाहरणाला, त्याला रॅमचे दोन स्लॉट, आणि बॅटरी दोन, एक आत आणि एक बाहेरनं काढता येणारी. मी स्वतः दुकानात तोच वापरतो.

पण प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून विकायलेत, दिसायला चालतं पण पुढच्या अपडेटची खात्री नाही. आय५-८ ने सुरू होणारा चार आकडी नंबर दिसला की ठीक, आय५-६ किंवा आय५-७ दिसला की परत ठेवा.

घेताना तिथंच बसून बघायचं. सगळी बटणं दाबून बघा. कमांड विंडोत पॉवरसीएफजी बॅटरी रिपोर्ट (powercfg /batteryreport) काढायला लावा, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. बायोसमधी (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) पासवर्ड नाही ना, कंपनीचं लॉक नाही ना ते बघा. पांढरा पडदा करून डाग बघा. विकणारा एवढा वेळ देत नसंल तर उठून या.

वॉरंटी सगळ्याला एक वर्षाचीच असती ना?

वर्ष सारखं, पण वॉरंटी वेगळी असती. ऑनसाइट म्हणजे माणूस तुमच्या घरी येतो, कॅरी-इन म्हणजे तुम्ही सेंटरला न्यायचा. परभणीवरनं छत्रपती संभाजीनगर पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढं, सकाळची गाडी पकडून जायचं, जमा करायचा, परत यायचं, पुन्हा आणायला जायचं. दोन दिवस आणि दोन मजुऱ्या गेल्या. हिंगोली, धाराशिवच्या माणसाचं पण तेच. म्हणून घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून सेंटर कुठं आहे आणि ऑनसाइट आपल्या गावात देतात का ते बघा. ह्या एका गोष्टीवर मी कंपनी निवडतो, जाहिरातीवर नाही.

माझ्या बहिणीचा लॅपटॉप चौदा महिन्यात बिजागरीतनं तुटला, तिनं दोन वर्षाची वॉरंटी पैसे देऊन घेतलेली. सेंटरवाले म्हणले हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. ना आपटलेला ना पडलेला. तीन चकरा झाल्या. शेवटी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली तेव्हा कुठं बदलून दिला. हा नंबर लिहून ठेवा. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात पण केस टाकता येती, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही.

पैसे देऊन वॉरंटी वाढवायची असंल तर अपघाती नुकसानवाली घ्या, ज्यात पडणं आणि पाणी सांडणं धरतात. घरात लहान लेकरं असतील तर ती घ्याच.

वर्षाच्या हिशोबानं कोणता स्वस्त पडतो?

कागदावर मांडू. ३८,००० चा घेतला आणि चार वर्ष चालला, वर्षाला ९,५००. ६०,००० चा सहा वर्ष चालला, वर्षाला १०,०००. ९९,९०० चा आठ वर्ष चालला तर साडेबारा हजाराच्या आसपास. म्हणजे महागडा घेतला की शेवटी स्वस्तच पडतो हे जे म्हणतात ते सरसकट खरं नाही. मधल्यात मात्र फक्त पाचशे रुपये वर्षाला जास्ती देऊन सहा वर्ष चांगला पडदा, चांगली बॉडी मिळते. म्हणून माझा कल तिकडं. पण लाखाचा घेऊन रोज आठ तास त्याच्यावर पोट भरत असाल तर वर्षाचे तीन हजार जास्ती काहीच नाहीत, घ्या.

नो कॉस्ट ईएमआयवर घेतला तर फुकटच ना व्याज?

व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी देऊन झाकतात. वर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डावर असंल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. रोख भाव विचारा आणि दोन्ही बेरीज करून बघा.

पगारदाराला ईएमआय जमतो. शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन, कापूस, तूर निघाल्यावर येतो, आणि मधी पाऊस दगा देतो. चार हजाराचा हप्ता जुलैत कुठनं भरायचा? एक हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिल पण खराब होतं, उद्या पीककर्जाला तेच आडवं येतं. अशा घराला मी जुना टी४८० रोखीनं घ्या म्हणतो, लाखाच्या हप्त्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

एआय लॅपटॉप म्हणून नवीन आलेत, ते घ्यायला पाहिजेत का?

मुद्दाम त्याच्यासाठी नाही. कोपायलट प्लस नावाचे लॅपटॉप २०२४ च्या जूनपासनं आले, त्यात ४० टॉप्सच्या (वेगाचं माप) वरचा एनपीयू, म्हणजे एआयच्या कामाचा प्रोसेसरमधला वेगळा भाग, आणि कमीत कमी १६ जीबी रॅम असती. चॅटजीपीटी, जेमिनी हे सगळं इंटरनेटवरनं चालतं, ते चार वर्ष जुन्या लॅपटॉपवर पण तसंच चालतं.

डॉसवाला स्वस्त मिळतोय.

त्यात विंडोज नसतं. नंतर चोरीचं विंडोज टाकायला लोक येतात, मी टाकून देत नाही. लिनक्स वापरणार असाल तर नक्की घ्या, नाहीतर विंडोज आणि ऑफिस सोबत असलेलाच घ्या. ऑफिस नसलं तरी लिबरऑफिस फुकट आहे, मराठीत मेनू पण येतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

ऑनलाइन मागवला असंल तर पेटी फोडताना सलग व्हिडिओ काढा, सिरियल नंबर दिसला पाहिजे. कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी आजपासनं दाखवते का बघा, कधीकधी सहा महिने आधीच सुरू झालेली असते, ती बिल दाखवून दुरुस्त करून घेता येती. टास्क मॅनेजरमधी प्रोसेसर आणि रॅम सांगितलेलीच आहे का ते बघा. स्पीकर, कॅमेरा, माइक, सगळे यूएसबी, पहिल्या आठवड्यातच, कारण बदलून द्यायची मुदत सात-दहा दिवसाचीच असते आणि बऱ्याच ठिकाणी तर बदलून देतच नाहीत, आधी दुरुस्तीच करतात. पेटी आणि थर्माकोल वर्षभर माळ्यावर ठेवा.

आणि दुकानातनं घेतला असंल तर बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून स्वतःला मेल करा. ते गुळगुळीत कागदावर छापलेलं बिल असतं ना, आपल्या उन्हाळ्यात कपाटात पडल्या पडल्या त्याच्यावरची अक्षरं उडून जातात, मी कोरे कागद घेऊन आलेली माणसं बघितलीत.